घरी चिकटवलेला लोडसेल आणि एक मऊ ब्रेक पेडल

प्रकरण माझ्या भाच्याचं आहे. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुण्यातल्या एका कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात गाडी चालवतो. हे संघ उघड्या चाकांची, एकाच माणसाची छोटी रेसगाडी स्वतः बांधतात आणि फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर घेऊन जातात. गाडी रस्त्यावर उतरते तेव्हा स्पर्धा तोंडावर आलेली असते, त्यामुळे चालकाच्या वाट्याला प्रत्यक्ष गाडी फार थोडी येते. बाकीचा सराव घरी, संगणकाच्या रेसिंग गेमला जोडलेल्या स्टीअरिंग आणि पेडलच्या संचावर, म्हणजे सिमवर.

तक्रार अशी की गाडीत बसला की हा पुढची चाकं जाम करतो. वळणाआधी ब्रेक दाबला की टायरचा धूर, गाडी सरळ, आणि टायरवर एक सपाट टक्कल. टायर महाग असतात, आणि संघाचा कप्तान त्यांचा हिशेब ठेवतो. घरच्या सिमवर मात्र हाच मुलगा व्यवस्थित ब्रेक लावायचा. दोन्ही ठिकाणी पाय एकच, तरी निकाल वेगळा. का, ते शोधायचं होतं.

दोन्ही पेडल शेजारी ठेवून पाहिली की कारण कळतं. त्यांच्या गाडीत पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर नाही. पाय थेट मास्टर सिलिंडरवर जोर देतो, आणि दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किटांतून तो चारही चाकांपर्यंत जातो. एकदा पॅड डिस्कला टेकले की पेडल जवळजवळ हलतच नाही, पुढचं सगळं जोरावर. नियमच तसे आहेत: तपासणीत चारही चाकं एकाच वेळी जाम करून दाखवावी लागतात, आणि पेडलला २००० न्यूटन, म्हणजे दोनशे किलोच्या वरचा जोर सहन झाला पाहिजे. घरचा संच एका नावाजलेल्या कंपनीचा, सुरुवातीच्या पातळीचा. त्यात ब्रेकच्या मागं एक स्प्रिंग, आणि पेडल किती फिरलं ते सांगणारा एक पॉट. पाय बारा-पंधरा किलोतच तळाला जातो. दोन वर्षं त्याचा पाय ‘किती लांब’ हे शिकत होता, आणि गाडी विचारत होती ‘किती जोरात’.

भाच्याचा उपाय तयार होता: लोडसेल, म्हणजे अंतराऐवजी जोर मोजणारा सेन्सर. “मामा, पॉट काढायचा, लोडसेल लावायचा. झालं.”

“लाव. पण स्प्रिंग तीच ठेवलीस तर काय बदलेल, ते आधी कागदावर दाखव.”

इथं बहुतेकांची गफलत होते, म्हणून थोडं थांबतो. साध्या स्प्रिंगमध्ये जोर आणि अंतर एकमेकांच्या प्रमाणात असतात. पेडल निम्मं दाबलं की जोर निम्मा. मग अंतर मोजा नाहीतर जोर मोजा, गेमला आकडा तोच जाणार. त्याच मऊ स्प्रिंगवर लोडसेल बसवला तर हातात येईल तो फक्त जास्त खर्चाचा पॉट. जोर मोजण्याला अर्थ येतो तो पेडल कडक झाल्यावर, जेव्हा शेवटचे पंचवीस-तीस किलो अगदी थोड्या मिलिमीटरात येतात. तिथं पॉटला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि लोडसेलला सगळं दिसतं. म्हणजे आधी कडकपणा, मग सेन्सर. आम्ही काम त्याच क्रमानं केलं, आणि माझ्या मते या प्रकरणात सेन्सरपेक्षा जास्त फरक कडकपणानंच पडला.

किती जोर धरायचा

संघाच्या ब्रेकच्या तक्त्यात चाकं जाम व्हायला पेडलवर किती जोर लागतो याचं गणित होतं. ते ४० किलोच्या आसपास येत होतं. सिमवर १०० टक्के ब्रेक म्हणजे पायाचे ४० किलो असं ठरवलं. फॉर्म्युला १ चे चालक शंभर किलोच्या वर दाबतात हे भाच्यानं लगेच ऐकवलं. खरं आहे, पण त्यांच्या मदतीला गाडीच असते. जोरात ब्रेक लागला की चालकाचं शरीर पुढं फेकलं जातं आणि पायाचं स्वतःचं वजनही पेडलवर येतं. घरच्या खुर्चीत असं काही होत नाही, जोराचा प्रत्येक किलो मांडीच्या स्नायूतूनच काढावा लागतो. त्यामुळे सिमवरचे ४० किलो गाडीतल्या ४० पेक्षा जड वाटतात. शंभरचा हट्ट धरला असता तर सराव राहिला असता बाजूला आणि गुडघ्याला शेक द्यायची वेळ आली असती.

पेडलचा पाय टेकतो तो भाग बिजागरीपासून १८० मिमीवर, आणि मागचा दांडा ६० मिमीवर. म्हणजे तिप्पट. पायाचे ४० किलो दांड्यावर १२० किलो होतात. इथपर्यंत सगळे हिशेब करतात. पुढचा हिशेब सहसा कोणी करत नाही: पाय ४० किलोनं पुढं ढकलतोय, दांडा १२० किलोनं मागं. उरलेल्या ८० किलोंचा तोल बिजागरी सांभाळते. म्हणजे बिजागरीची पिन चालकाच्या दिशेनं ८० किलोनं ओढली जाते, आणि ती पिन बसलेली असते प्लास्टिकच्या दोन कानांत. बारा-पंधरा किलोच्या हिशेबानं बनवलेलं प्लास्टिक ते. ते काही दिवस टिकेलही, पण प्रत्येक दाबाला थोडं वाकेल, आणि पायाला तो वाक जाणवेल.

म्हणून पहिलं काम सेन्सरचं केलंच नाही. प्लास्टिकच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगलचे तुकडे उभे केले, मूळ पिनेच्या जागी ८ मिमीचा लांब बोल्ट आरपार घातला आणि भार अँगलवर घेतला. खोकं आता फक्त दिसण्यापुरतं. अँगल १८ मिमीच्या प्लायवर बोल्टनं आवळले.

मग खुर्ची. ऑफिसची, चाकांची. पाय पेडलला ४० किलोनं पुढं ढकलतो तेव्हा पाठ खुर्चीला तेवढ्याच जोरानं मागं ढकलते, आणि फरशीवर चाकं कुणाचं ऐकत नाहीत. ब्रेक दाबला की भाचा सरकत भिंतीकडं जायचा. प्लायची फळी लांब घेतली, खुर्चीची चाकं काढून तिचा पाया त्याच फळीला आवळला. आता जोर फळीच्या आतल्या आत फिरतो, फरशीचा संबंधच नाही. हे काम एका दुपारचं, खर्च किरकोळ, आणि माझ्या बहिणीनं पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “खुर्ची परत मिळणार आहे ना?”

स्प्रिंगच्या जागी दोन टप्पे केले. पहिले आठ-दहा मिलिमीटर एक हलकी स्प्रिंग. गाडीत पॅड डिस्कपर्यंत जायला जेवढी मोकळी चाल लागते तेवढी. त्यानंतर टू-व्हीलरच्या शॉकअपचे गोल रबरी बुश, मधल्या भोकातून दांडा ओवून, मध्ये वॉशर. बुश वाढवले की पेडल मऊ होतं, कमी केले की कडक. सिम रेसिंगसाठी पॉलियुरेथेनचे खास तुकडेही मिळतात, त्यांचा कडकपणा जास्त आणि नेमका असतो. पण शॉकअपचे बुश कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात आणि पहिल्या प्रयोगाला पुरतात.

पट्टी

तयार लोडसेल विकत घेता आला असता. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, किंवा ऑनलाइन, वजनकाट्यातला अॅल्युमिनियमचा दांडा काही शे रुपयांत मिळतो. घरी बनवण्याचं एकच पटणारं कारण होतं: संघाला पुढच्या गाडीच्या सस्पेन्शनच्या पुशरॉडवर (चाकाचा भार स्प्रिंगपर्यंत नेणाऱ्या दांड्यावर) स्ट्रेन गेज, म्हणजे धातूबरोबर किंचित ताणल्यावर ज्यांचा विद्युत रोध बदलतो अशा पातळ चकत्या, चिकटवून भार मोजायचा होता, आणि चिकटवायचा सराव कुणालाच नव्हता. पेडल हे सरावाला चांगलं गिऱ्हाईक. बिघडलं तर कुणी अपघातात सापडत नाही.

स्नानगृहातल्या वजनकाट्याचे तीन तारांचे ५० किलोचे सेन्सरही विचारात होते. ते बाद झाले, कारण आपल्या दांड्यावर १२० किलो आहेत, आणि त्या सेन्सरला कडेनं आधार देऊन मधली जीभ मोकळी ठेवावी लागते. एका सेन्सरमध्ये अर्धाच ब्रिज (रोधातला बारीक फरक मोजणारी चार भुजांची जोडणी) असतो ती अडचण वेगळीच.

पट्टी अॅल्युमिनियमची, २५ मिमी रुंद, १६ मिमी जाड, भोसरीच्या एका जॉबवर्कवाल्याकडून कापून, भोकं मारून आणली. एक टोक अँगलला घट्ट, दुसऱ्या टोकावर दांडा टेकतो. दांडा टेकतो तिथून ३० मिमीवर गेज. हिशेब असा: १२० किलो म्हणजे साधारण ११८० न्यूटन, गुणिले ०.०३ मीटर, म्हणजे सुमारे ३५ न्यूटन-मीटर. पट्टीच्या छेदाचा मापांक १.०७ घन सेंटीमीटर. ताण ३३ मेगापास्कल. अॅल्युमिनियमचा स्थितिस्थापकतेचा गुणांक सुमारे ६९ गिगापास्कल, म्हणून विकृती ४८० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत ४८० भाग. पट्टी टोकाला एक दशांश मिलिमीटरसुद्धा वाकत नाही. पोलादाची पट्टी घेतली असती तर त्याच ताणात विकृती एक-तृतीयांश झाली असती, संकेतही तेवढाच बारीक.

भाच्यानं दोनशे किलोचा नियम इथंही लावून पाहिला. पायावर २००० न्यूटन आले तर पट्टीत १६९ मेगापास्कल येतात. अॅल्युमिनियमची ६०६१-टी६ ही मजबूत जात असेल तर पट्टी तगेल, त्या जातीची कायमचं वाकण्याची सीमा २७६ च्या आसपास आहे. पण खिडक्यांच्या सेक्शनसाठी वापरतात ती मऊ जात असेल तर कायमची वाकेल. भंगारातून आणलेल्या पट्टीवर जात लिहिलेली नसते, म्हणून पावतीवर ग्रेड लिहून घेतला.

गेज बीएफ३५०, म्हणजे ३५० ओमचे, गेज फॅक्टर (विकृतीच्या किती पट रोध बदलतो तो आकडा) २ च्या आसपास. चार घेतले: दोन पट्टीच्या ताणल्या जाणाऱ्या अंगावर, दोन दबल्या जाणाऱ्या. पूर्ण भाराला प्रत्येकाचा रोध ओमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बदलतो. साधा मल्टिमीटर हे नीट दाखवूही शकत नाही, म्हणून तर व्हीट्स्टन ब्रिज. विरुद्ध अंगांचे गेज शेजारच्या भुजांत जोडले की ताण आणि दाब यांची बेरीज होते, आणि तापमानामुळे चौघांत सारखाच होणारा बदल आपोआप वजा होतो. हे दुसरं मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे खोलीतलं तापमान एक नसतं, आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतं. दोनच गेज एका अंगावर लावून पैसे वाचवणारे शून्य सरकल्याची तक्रार नंतर करत बसतात.

चिकटवायला फेविक्विक. ऐकून हसू येतं, पण प्रयोगशाळांत स्ट्रेन गेजसाठी वापरला जाणारा एक प्रसिद्ध गोंदही सायनोअॅक्रिलेटच असतो. फरक शुद्धतेचा आणि दाटपणाचा. पृष्ठभाग आधी २२० च्या, मग ४०० च्या पॉलिश पेपरनं, तिरप्या रेघा दोन्ही दिशांनी येतील असा घासायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, नवा कापूस, एकाच दिशेनं पुसायचं, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर बोट लावायचं नाही. गेज सेलोटेपवर उचलायचा, रेघ जुळवून टेप टेकवायची, एका बाजूनं उलगडायची, एक बारीक थेंब, टेप खाली, आणि अंगठा एक मिनिट घट्ट. गोंदाचा थर जितका पातळ तितका गेज पट्टीशी प्रामाणिक राहतो.

तारांना डाग देण्याआधी गेज आणि पट्टी यांच्यात मल्टिमीटर मेगाओमच्या रेंजवर लावायचा. काहीही वाचन दिसलं तर गेज धातूला टेकलाय, तो खरवडून काढायचा. ब्रिज पूर्ण झाल्यावर समोरासमोरच्या टोकांत ३५० ओम आले पाहिजेत. वर सिलिकॉनचा थर, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्यायचं.

चोवीस बिटांची गोष्ट

ब्रिजला ५ व्होल्ट दिले की पूर्ण भाराला बाहेर येतात सुमारे ४.८ मिलिव्होल्ट. ते वाचायला एचएक्स७११ ही मिलिव्होल्टचे आकडे करणारी चिप, आणि संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसायला प्रो मायक्रो हे छोटं प्रोग्राम करता येणारं बोर्ड, ज्यातल्या एटीमेगा३२यू४ चिपमध्ये यूएसबी आतच आहे.

एचएक्स७११ च्या जाहिरातीत २४ बिट मोठ्या अक्षरात असतात. भाच्यालाही त्याचंच कौतुक. हिशेब करू. १२८ च्या गेनवर (म्हणजे संकेत १२८ पट वाढवताना) चिपची मर्यादा दोन्ही बाजूंना साधारण १९.५ मिलिव्होल्ट, आपले ४.८ म्हणजे वीस लाखांहून जास्त पायऱ्या. पण गेमला आपण ब्रेक १०२४ पायऱ्यांत पाठवला तरी एक पायरी पायाच्या ३९ ग्रॅमची होते. बूट घातलेला पाय ३९ ग्रॅम ओळखत नाही. बारकावा इथं मुबलक आहे, कमी आहे तो वेग.

बाजारात मिळणारं हिरवं बोर्ड सेकंदाला १० वाचनांवर बांधलेलं येतं. भाजीच्या काट्याला ते ठीक. ताशी २०० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला ५५ मीटरहून जास्त जाते, म्हणजे दोन वाचनांमध्ये साडेपाच मीटर. तेवढ्यात वळणाची आतली कड निघून जाते. चिपचा १५ क्रमांकाचा पाय हा वेगाचा आहे. तो पॅडवरून हळूच उचलून शेजारच्या १६ ला डागानं जोडला की सेकंदाला ८० वाचनं मिळतात. आता दोन वाचनांत ७० सेंटीमीटर. हे चालतं. पण मग लोक वाचन गुळगुळीत करायला दहा-दहा नमुन्यांची सरासरी घेतात, आणि एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं घालवतात. आम्ही सरासरी घेतलीच नाही. त्याऐवजी बोर्ड पट्टीच्या शेजारी ठेवलं, ब्रिजच्या तारा पिळून छोट्या केल्या आणि स्टीअरिंगच्या मोटरपासून लांब नेल्या. यूएसबीची तार थोडी लांब असली तरी हरकत नाही, तिच्यातून आकडे जातात. मिलिव्होल्टच्या तारा लांब नसाव्यात.

ज्यांना प्लेस्टेशनवर खेळायचं आहे त्यांना हा मार्ग बंद आहे, कारण कन्सोल असा परका जॉयस्टिक घेत नाही. त्यांनी आयएनए१२५ सारखा अॅनालॉग अॅम्प्लिफायर लावून पॉटच्याच तारेत व्होल्टेज सोडावं. गेन ४ अधिक ६० किलोओम भागिले बाहेरचा रोध असं सूत्र आहे. फक्त ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याचं आउटपुट पूर्ण ५ पर्यंत चढत नाही, ते गेन ठरवताना धरायचं.

प्रोग्राममध्ये फार काही नाही. चालू झाल्यावर शून्य घेतो (तेव्हा पाय पेडलवर नको), पायाचे पहिले तीन किलो दुर्लक्षित करतो, कारण टेकवलेला पाय आपला आपणच तेवढा जड असतो, आणि ४० किलोला १०० टक्के. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये ब्रेक गॅमा नावाची सेटिंग आहे. मऊ पेडलच्या सोयीसाठी ती सुरुवातीचा ब्रेक सौम्य करते. लोडसेल असेल तर ती १ करायची, म्हणजे सरळ रेषा. ही सेटिंग तशीच ठेवून पेडलला नावं ठेवणारे बरेच आहेत.

मापन आणि पुढचं

अख्खी फळी उभी करून पेडलच्या पाट्यावर जिमच्या प्लेटा ठेवल्या, चढत्या क्रमानं आणि मग उतरत्या. उतरताना तीच प्लेट जास्त वजनाची दिसत होती. भाच्यानं गेजवर संशय घेतला. पण पट्टी सुटी करून तिच्यावर थेट वजन टांगलं तेव्हा चढती-उतरती रेघ एकच आली. दोष घर्षणाचा होता: दांडा बुशांच्या वॉशरमधून घासत जात होता. दाबताना घर्षण पायाचा थोडा जोर खातं, सोडताना तोच धरून ठेवतं. चालकाला हे ब्रेक सोडायला उशीर झाल्यासारखं जाणवतं, आणि वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडण्याचं सगळं कसब नेमकं तिथंच असतं. वॉशरची भोकं मोठी केली, ग्रीस लावलं, रेघा बऱ्याच जवळ आल्या. पूर्ण जुळल्या नाहीत. रबर स्वतःही थोडं धरून ठेवतं.

पहिल्या काही संध्याकाळी भाचा आधीपेक्षा हळू होता आणि चिडलेला होता. पाय जुन्या सवयीनं तळ शोधत होता आणि तळच नव्हता. मोटेक या फेऱ्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आलेखावर आधी आणि नंतरच्या ब्रेकच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तेव्हा बदल दिसला. आधी दर फेरीला पहिला टोला वेगळ्या उंचीचा, नंतर लगेच दुरुस्तीचे दात. नव्या पेडलवर टोले एका उंचीला येऊ लागले आणि सोडतानाची रेघ उताराला लागली. वेळ फारसा कमी झाला नाही, फेऱ्यांमधला फरक कमी झाला. संघाला तेच हवं होतं. गाडीवरच्या पुढच्या सरावात चाकं जाम होणं थांबलं नाही. थंड टायरवर अजूनही होतं. पण आता जाम झाल्यावर तो जोर थोडा काढतो, पाय उचलून पुन्हा आदळत नाही.

पावसाळ्यात शून्य सरकतं. सायनोअॅक्रिलेट ओलावा ओढतं आणि भाराखाली सावकाश घसरतं, हा त्याचा जुना स्वभाव. सुरुवातीला शून्य घेतल्यानं रोजचं काम भागतं, पण पूर्ण भाराचा आकडाही अधूनमधून प्लेटा ठेवून तपासावा लागतो. पुशरॉडसाठी संघानं याच अनुभवावरून दोन घटकांचा इपॉक्सी गोंद ठरवलाय, ओव्हनमध्ये पक्का करायचा.

आता कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये संघाच्या सिमसाठी दुसरी प्रत बनते आहे. तिच्यात पट्टी विकतचीच असेल, कारण हातानं चिकटवलेले दोन ब्रिज कधी सारखे येत नाहीत आणि बिघडलं तर त्याच दिवशी बदलता आलं पाहिजे. चौकट, बिजागरीचे अँगल आणि बुश मात्र इथलेच उचललेत. चालक चार आहेत, त्यात एका मुलीचं वजन भाच्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. प्रत्येकाचे १०० टक्के वेगळे ठेवायचे की गाडीचे ४० किलो सगळ्यांना सारखे, यावर वाद चालू आहे. मी सारखे ठेवा म्हणतो, गाडी कुणासाठी मऊ होत नाही. भाचा म्हणतो, “मामा, आधी शिकू तर दे.” तूर्त प्रो मायक्रोला एक बटण लावलंय आणि दोन्ही सेटिंग मेमरीत ठेवल्यात.